ऐंशीतल्या दोन

आज लॉट बाराशेचा.
बोटींवरच्या लाल फ्लेअर, कागदी नळीत ठासलेल्या.
टोपण उपसायचं, घासायचं,
मिनिटभर पेटती राहिली पाहिजे.
बाराशेतून ऐंशी जाळायच्या.
दोन फसल्या तरी माल जातो,
तिसरी फसली की सगळाच्या सगळा परत.

सुनिल्दा ओयार्से खोके उघडते.
आर्रियागादा साहेब म्हणतो, वरच्याच घे ना, हाताशी आहेत.
ती ऐकून न ऐकल्यासारखं करते,
एप्रनच्या खिशातून आकड्यांचा मळका कागद काढते,
बोट टेकवते:
खोका सात, तळची ओळ, डावीकडून चौथी.
"वरच्या नेहमी चांगल्याच असतात," मला हळूच म्हणते,
"नजर कुठे पडते ते भरणाऱ्यालाही ठाऊक असतं."

मी फक्त घड्याळ धरतो.
कारखान्यामागे, जिथून ताल्काउआनोचं बंदर अर्धंच दिसतं,
तिथे वाळूच्या बादल्या मांडलेल्या.
एक. साठ सेकंद. बादलीत. खूण.
दोन. साठ सेकंद. बादलीत.
टेकडीवरची पोरं तारेच्या कुंपणाला लटकतात,
त्यांच्या लेखी इथे दर मंगळवारी सण.

सतरावी फुसकी.
थोडा धूर, जळक्या गंधकाचा वास, बस्स.
सुनिल्दा तिला पाण्यात बुडवते
आणि नंबर लिहिते, सुवाच्य,
शाळेच्या दाखल्यावर नाव लिहावं तसा.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
पण भात एका भांड्यात, एका आचेवर शिजतो.
इथे प्रत्येक नळी वेगळ्या हातांनी भरलेली,
कुणाचं मूल तापाने फणफणलेलं त्या दिवशी,
कुणाची जेवणाची सुट्टी पाचच मिनिटांवर आलेली.
आणि शीत कच्चं निघालं तर भात पुन्हा चुलीवर ठेवता येतो.
चांगली निघाली म्हणून
जळलेली फ्लेअर पुन्हा नळीत भरता येत नाही.
जी खरी ठरली ती संपली.
जी बोटीवर जाईल तिची खात्री
दुसरीनेच दिलेली.

त्रेपन्नावी फसते.
त्यानंतर कुणी बोलत नाही.
दारात ट्रक, इंजिन चालूच,
आर्रियागादा किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतो.
सत्तर. एकाहत्तर.
एकोणऐंशीवी वाऱ्यात वाकते, निळी होते,
मी घड्याळाकडे बघायचं विसरतो
(हे मी कागदावर लिहिलेलं नाही)
आणि ती पुन्हा लाल होते.
ऐंशीवी मुकाट्याने जळते. त्रेसष्ट सेकंद.

पास.
शिक्का. सही. ट्रक गेलासुद्धा.

मग मी बादल्या रिकाम्या करताना तोंडी हिशेब केला,
करायला नको होता.
चाळिसात एक.
ट्रकमध्ये अकराशे वीस.
"म्हणजे अठ्ठावीस," मी म्हणालो.
"कदाचित दहा," सुनिल्दा म्हणाली, "कदाचित पन्नास.
अठ्ठावीसच, असं कुणी लिहून दिलंय तुला?"
"मग आपण काय तपासलं?"
ती हातमोजे काढत होती, एकेक बोट ओढून.
"सगळ्या जाळल्या असत्या तर पक्कं कळलं असतं.
आणि बोटींवर काय पाठवलं असतं, राख?"

जरा वेळाने मी विचारलं, बेलार्मिनोच्या बोटीत किती असतात?
बेलार्मिनो तिचा धाकटा भाऊ,
हिवाळ्यातसुद्धा लेबूच्या पुढे जातो.
"नियम चारचा आहे," ती म्हणाली.
"त्याच्याकडे नऊ आहेत."
आणि नळाखाली हात धरून उभी राहिली,
पाणी स्वच्छ येऊ लागलं तरीही.

पोरं घरी गेली.
डोळे मिटले की पापण्यांच्या आत अजून लाल.
आज या भिंतीआड
अठ्ठ्याहत्तर वेळा कुणीतरी मदतीची हाक दिली
आणि बुडत कुणीच नव्हतं.
उरलेल्या दोघींनी हाक दिलीच नाही.
त्या बादलीत आहेत, ओल्या,
उद्या सकाळी त्यांची नोंद पुन्हा एकदा
माझ्या हस्ताक्षरात करायची आहे.